गोठ्यातली १९६९ ची जावा चालू करायची आहे, सुरुवात कुठून करू?

वाईकर_सध्या_पिंपरी:

नमस्कार मंडळी, इतके दिवस इथं नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

गाडी जावा २५०, म्हैसूरची आयडियल जावा, आरसीच्या पुस्तकात मॉडेल १९६९ लिहिलंय. पुस्तक आजोबांच्या नावावर, पण चालवली सगळी आमच्या थोरल्या काकांनीच. वाईच्या पलीकडे गावी गोठ्यात कडब्याच्या मागं उभी होती, वीसेक वर्षं तरी कुणी हात लावला नसेल, सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. काका म्हणतात भंगारवाल्याला दे आणि मोकळा हो, पण तेच काका परवा मी टाकी पुसत होतो तर शेजारी येऊन बसले आणि कुठला नट कुठला हे सांगायला लागले, त्यामुळे त्यांचं मनावर घेत नाही.

अवस्था सांगतो. किक हलत नाही, म्हणजे दांडी आत दाबली जाते पण खाली जात नाही. टाकीचं झाकण गंजून बसलंय, हलवली की आत खडखड वाजतं. डाव्या सायलेन्सरला भोक पडलंय. वायरिंग उंदरांनी खाल्लंय. चेनकव्हर, दोन्ही मडगार्ड, टूलबॉक्स सगळं जागेवर आहे. टाकीच्या बाजूचं क्रोम वरून बरं आहे, खालच्या कडेला फुगलंय.

माझ्याकडे रिंग पान्यांचा सेट, एक मल्टिमीटर, सोसायटीच्या पार्किंगमधला एक कोपरा आणि रविवार एवढंच आहे. अनुभव म्हणाल तर स्कूटरचा कार्बोरेटर साफ केलाय, ब्रेक शू बदललेत, बस. एका मेकॅनिकला दाखवली तर तो म्हणाला हॉलमध्ये शोपीस म्हणून ठेवा, दुसऱ्याने फुल रिस्टोरेशनचा असा आकडा सांगितला की त्यात सेकंडहँड चारचाकी येईल. मला शोपीस नको आणि कॉन्कोर्समध्ये (जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत) बक्षीस पण नको, काकांना एकदा मागं बसवून घाटात न्यायचंय. पूर्ण उघडू का? आधी काय बघू?

उद्यमनगर_कोल्हापूर:

भावा सगळ्यात आधी ऐक, गाडी उघडू नको. विकायला आलेल्या जुन्या गाड्या बघ कधी, निम्म्या तरी पोत्यात असतात. कुणीतरी हौसेनं पहिल्याच रविवारी शेवटच्या नटापर्यंत उघडलेली असते, मग लग्न, बदली, पोरगं, आणि पोती माळ्यावर. माझ्याकडच्या दोन्ही अशाच पोत्यातून आल्यात आणि प्रत्येकात चारपाच जिन्नस गायब. तुझी जागच्या जागी आहे ना, तेच लई मोठं भांडवल आहे. आधी चालू कर, मग एकेक भाग काढून घालत जा.

आता किक. न हलण्याची दोनच मोठी कारणं, पिस्टन बॅरलमध्ये धरलाय नाहीतर किकचा खटका आत अडकलाय. दांडीवर उभा राहून उड्या मारू नको, त्यात फक्त खटका तुटतो. या गाडीची किक आणि गिअर एकच दांडी, डाव्या बाजूला, ती आतली यंत्रणा सुट्टी मिळणं अवघड. त्यापेक्षा उजव्या बाजूचं कव्हर काढ, डायनामोचं आर्मेचर क्रँकच्याच टोकावर आहे, त्याच्या मधल्या बोल्टला पाना लावून हळू दाब देऊन बघ, आणि बोल्ट घट्ट होतो त्याच दिशेनं, उलटं केलंस तर बोल्टच सुटून येईल. प्लग आधी काढलेला पाहिजे, आणि गाडी न्यूट्रलला.

फिरलं नाही तर घाबरू नको. प्लगच्या भोकातून डिझेल आणि गिअरबॉक्सचं पातळ ऑइल अर्धं अर्धं करून कपभर ओत आणि विसरून जा. पुढच्या रविवारी जा, परत ओत. बहुतेक सुटतंच, घाई केली नाही तर.

आणि ही टू स्ट्रोक आहे म्हणून एक सोय आहे, ती बरीच जणं वापरत नाहीत. सायलेन्सरचा पाइप बॅरलपासून सोडव आणि एक्झॉस्टच्या पोर्टमधून टॉर्च मार. पिस्टनची बाजू दिसते, रिंग दिसते. उभ्या ओरखड्यांच्या रेघा असतील तर पूर्वी कधीतरी धरलीय. नुसता गंज असेल तर गोष्ट वेगळी. काहीही न उघडता निम्मं निदान होतं. सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन, त्यामुळं दोन्हीकडून बघ.

नाहीच सुटली तर हेडचे नट काढून हेड आणि बॅरल वर उचलायचं, तेवढं जमेल तुला. बॅरल बिडाचं आहे, त्याच्या फिनवर हातोडी मारली की फिन तुटणार म्हणजे तुटणार, लाकडाचा ठोकळा धरून खालच्या जाड भागावर मारायचं.

बोअर मारायची (बॅरल आतून कापून थोडं मोठं करायची) वेळ आली तर कळव, शिवाजी उद्यमनगरात अजून हाताने मोजून बोअर मारणारे कारागीर आहेत.

मागच्या_सीटवरचा:

फोटो टाका राव आधी!!

आमच्या वडिलांची होती, त्या किल्लीचं टोक म्हणजे नुसता खिळा. कुणाचीही किल्ली कुणाच्याही जावाला लागायची, किल्ली हरवली तर खरंच खिळा घालून चालू करायचे. चोरीची भीती नव्हती कारण चोराला कळायचंच नाही की किक कुठाय, गिअरची दांडी आत दाबून मागं घेतली की तिचीच किक होते हे माहीत असल्याशिवाय कसं सुचणार. आणि क्लच न दाबता गिअर पडायचे, दांडी दाबली की क्लच आपोआप सुटतो.

थोडा इतिहास, विषय निघालाच आहे तर. मुंबईची इराणी कंपनी आधी बाहेरून जावा आणायची, आयातीवर बंधनं आली तसं रुस्तम आणि फारूख इराणी यांनी म्हैसूरला कारखाना घातला, १९६१ ला गाड्या बाहेर पडायला लागल्या, १९७३ मध्ये जावाचं नाव जाऊन येझदी आलं, १९९६ ला कारखाना बंद. म्हणजे तुमची गाडी जावा नावाच्या काळातली आहे, तिच्यावरचे बॅज आणि ढापे जपा.

माजी_आरटीओ_क्लार्क:

इंजिनबद्दल बाकीचे सांगतीलच, मी कागदांचं सांगतो कारण लोक ते शेवटी बघतात आणि तोवर पैसे घालून बसलेले असतात.

१. गाडी आजोबांच्या नावावर आहे आणि आजोबा हयात नसतील असं धरून चालतो. वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो (विक्रीसाठीचे २९ आणि ३० वेगळे, एजंट कधीकधी तेच भरून मोकळा होतो). मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि बाकीच्या वारसांची संमती. काकांच्या नावावर करणार की तुमच्या हे घरात आधी ठरवा. चुलत भावंडांना आज ती भंगार वाटते, चालू झाली की वाटणार नाही.

२. गाडी एमएच सुरू होण्याआधीची, म्हणजे नंबर जुना तीन अक्षरी असणार. पुस्तकी आरसी, रेकॉर्ड बहुधा ‘वाहन’ या ऑनलाइन प्रणालीत नसेल. त्याची बॅकलॉग एन्ट्री (जुनी नोंद ऑनलाइन चढवणं) करून घ्यावी लागते, ती झाल्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही. नूतनीकरण नाही, विमा नाही, नवी हाय सिक्युरिटी पाटी पण नाही.

३. नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी फॉर्म २५ वर नूतनीकरण, गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते. मधल्या वर्षांचा दंड आणि पर्यावरण कर धरा. दिल्लीसारखी वयाची बंदी आपल्याकडे नाही, त्यामुळे "पंधरा वर्षं झाली, आता स्क्रॅपच" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

४. २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली आणि चेसिस, बॉडी, इंजिनमध्ये मोठा फेरफार नसलेली दुचाकीसुद्धा त्यात बसते. तुमची बसते. नव्या नोंदणीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर, शुल्क २० हजार, मुदत दहा वर्षं, पुढं नूतनीकरणाला ५ हजार. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण त्या नोंदणीवर गाडी रोज वापरायची नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. तुम्हाला काकांना घाटात न्यायचंय, त्यामुळे माझ्या मते साधं नूतनीकरणच करा.

५. सगळ्यात महत्त्वाचं. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आज पेन्सिलने कागदावर उतरवून घ्या, फोटो काढा, पुस्तकाशी ताडून बघा. एखादा अंक जुळत नसेल तर आत्ताच कळू दे. पेंटरला गाडी देताना नंबरवर चिकटपट्टी लावून द्या, सँडब्लास्टिंगमध्ये नंबर पुसट झाला किंवा लांबीच्या (पुटीच्या) थराखाली गेला तर तपासणीला त्रास होतो, हे फार गाड्यांच्या बाबतीत पाहिलंय.

निकल_आणि_क्रोम:

उद्यमनगरवाल्यांशी असहमत. वीस वर्षं गोठ्यात म्हणजे जनावरांचं मूत, अमोनिया, ओल. चेसिस आतून खाल्लेली असणार. वरवर चालू करून रस्त्यावर काढणार आणि सीटखालचा पाइप मोडला म्हणजे? एकदाच पूर्ण उघडा, चेसिस ब्लास्ट करा, पेंट, क्रोम, नवी रिम, नवे स्पोक, सगळं एका झटक्यात. दोनदा मजुरी कशाला. शिवाय जुना मरून रंग, टाकीला क्रोम आणि हाताने मारलेल्या पट्ट्या, अशी गाडी उभी राहिली की रस्त्यावरची माणसं थांबतात. गंजकी गाडी घेऊन फिरण्यात काय मजा ते मला तरी अजून कळलेलं नाही.

उद्यमनगर_कोल्हापूर:

@निकल_आणि_क्रोम चेसिस बघायला पाहिजे हे बरोबर, ते मी लिहायला हवं होतं, पण बघायला ब्लास्ट कशाला करायचा. छोटी हातोडी घेऊन पाइपावर टकटक करत जायचं, आवाज बदलला की कळतं. स्टँडची जोडणी, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) पिव्होट आणि सीटखालचा भाग, तीन जागा.

क्रोमचं बोलायचं तर पैसा सगळा तिथंच जातो आणि धरून रडायची वेळ पण तिथंच येते. तांबं, मग निकल, मग क्रोम असे थर नीट दिले तर टिकतं, तांबं गाळून घाईत केलेलं दुसऱ्या पावसाळ्यात फुगतं. आणि टाकी क्रोमला द्यायची म्हणजे आधी बफिंग, बफिंग म्हणजे पत्रा पातळ होणार. ५०-५५ वर्षांच्या पत्र्याला ते किती झेपेल? ह्याच्या टाकीचं क्रोम वरून चांगलं आहे म्हणतोय. कारखान्यातलं क्रोम एकदा उतरवलं की परत तसं येत नाही भावा. पुसून मेण लाव आणि राहू दे तसंच.

तेलकट_ताई_नाशिक:

मी आणि बाबांनी येझदी केली, रोडकिंग, जावा नाही, पण बरंच सारखं आहे. वरच्या दोघांच्या भांडणात पडत नाही (मनातून उद्यमनगर). फक्त पार्किंगमध्ये काम करणार आहात म्हणून काही गोष्टी.

टाकीचा गंज काढायला ॲसिड वापरू नका, निदान सोसायटीत नको. धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवून टाकी भरायची, आत लोखंडाची सळी टाकीला न टेकता लटकवायची, बॅटरी चार्जरचा प्लस सळीला आणि मायनस टाकीला, गंज सुटून निघतो. आम्ही झाकणाच्या तोंडात रबरी बूच भोक पाडून बसवलं होतं. स्टेनलेसची सळी अजिबात नको, त्यातून क्रोमियमचं विषारी पाणी होतं. आणि बुडबुडे निघतात तो हायड्रोजन असतो, उघड्यावर ठेवा, शेजारी कुणी सिगारेट ओढत उभं राहणार नाही हे बघा, पार्किंगमध्ये बघायला येणारे काका लोक फार असतात. आधी टाकीत मूठभर नट टाकून हलवून घेतलं तर सुटा गंज निघून जातो. झाल्यावर लगेच कोरडी करून टू-टी ऑइल आत फिरवायचं, नाहीतर संध्याकाळपर्यंत पुन्हा लाल.

जुने ब्रेक शू. त्या काळच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ड्रममधली धूळ फुंकायची नाही, हवा मारायची नाही, ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधून टाकायचं. मास्क लावा.

टायर चांगले दिसत असले तरी बदला. ३.२५-१६ ची साइज आहे, नव्या टायरशिवाय घाट विसरा.

काय काढलं त्याचा काढण्याआधी फोटो, काढताना फोटो, आणि स्क्रू झिपवाल्या पिशवीत चिठ्ठीसकट. चिठ्ठी पेन्सिलने लिहा, बॉलपेनची शाई तेलात जाते. बॅटरीच्या वायरी सोडवताना अर्थिंग कुठल्या टोकाला आहे त्याचा फोटो तर हवाच हवा.

वाईकर_सध्या_पिंपरी:

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

अपडेट देतो. पोर्टमधून टॉर्च मारला, उभ्या रेघा नाहीत, नुसता तांबूस गंज. डिझेल ऑइलचं मिश्रण ओतून ठेवलं, मधे गावी जाणं झालं नाही ते एका अर्थी बरंच झालं, नंतर डायनामोच्या बोल्टला पाना लावला तर कुरकुर करत फिरलं, काका एवढ्या जोरात ओरडले की गोठ्यातली म्हैस दचकली. आता किक पण हलते. चेसिसला टकटक केलं, सगळीकडे सारखा आवाज. नंबर पुस्तकाशी जुळले. गाडी टेम्पोतून पिंपरीला आणली.

टाकी ताईंच्या पद्धतीने केली, मस्त निघाली. तात्पुरती सहा व्होल्टची नवी बॅटरी लावली, वायरिंग फक्त इग्निशनपुरतं नवीन ओढलं. प्लगला करंट नव्हता, पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला, करंट आला, पण पिवळा आणि अशक्त. तरी बाटलीने पेट्रोल देऊन किक मारली आणि चालू झाली!! पण धूर एवढा की वॉचमन बादली घेऊन धावत आला. पांढरा, दाट, थांबतच नाही, दोन्ही सायलेन्सरमधून. आणि रेस सोडली तरी इंजिन वरच राहतं, हळू होत नाही, शेवटी प्लगची कॅप काढून बंद केली. बोअर गेलाय का?

उद्यमनगर_कोल्हापूर:

वा रे पठ्ठ्या!

बोअर नाही. तू लिहिलेल्या दोन तक्रारी वेगवेगळ्या आहेत आणि दोन्हीचं मूळ एकच, क्रँकची ऑइल सील. वीस वर्षांत रबर दगड झालेलं असतं. टू स्ट्रोकमध्ये क्रँकची पेटी हवाबंद पाहिजे, कारण पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पिस्टनच्या खाली ओढलं जाऊन मग वर जातं, तिथं गळती म्हणजे सगळंच बिघडलं.

डाव्या बाजूला क्लच आणि प्रायमरी चेन गिअर ऑइलमध्ये. डावं सील गेलं की इंजिन ते ऑइल आत ओढून जाळतं, म्हणून तुझा पांढरा धूर. थोडा धूर वीस वर्षांत आत उतरून साचलेल्या तेलाचा पण असणार, तो संपेल, पण लेव्हलच्या स्क्रूला बघत राहा, ऑइल कमी होत गेलं तर सीलच. उजव्या बाजूला डायनामो, तिकडं सगळं कोरडं, ते सील गेलं की बाहेरची हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं आणि रेस आपोआप वर राहते. हे दुसरं जास्त वाईट. पातळ मिश्रण म्हणजे इंजिन गरम आणि पिस्टनला तेल कमी, घाटात नेलीस तर तिथंच धरेल, तेही काका मागं बसलेले असताना. प्लग काढून बघ, पांढराफटक असेल तर माझं म्हणणं पक्कं समज. इनलेटच्या जोडाचं पॅकिंग पण बघून घे, कधीकधी हवा तिथून येते आणि आपण उगाच सील बदलत बसतो.

सील बदलेपर्यंत चालू करू नको. मोह होणार, माहिताय.

डावीकडं क्लच आणि पुढचं स्प्रॉकेट काढावं लागणार, स्प्रॉकेट टेपरवर बसलेलं आहे, पुलरशिवाय (ते ओढून काढायच्या साधनाशिवाय) हात लावायचा नाही. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायला गेलं की ॲल्युमिनियमची केस चिरते आणि मग वेल्डिंगवाल्याच्या दारात रांग. पुलर लेथवाल्याकडून करून घे, आटे मोजून देईल. तिथवर गेलास की क्लचच्या प्लेट पण बघ, जुन्या कॉर्कच्या असणार, वाळून एकमेकांना चिकटलेल्या. सुट्ट्या होत असतील तर ऑइलमध्ये भिजवून परत घाल.

कनेक्टिंग रॉड हाताने धरून वरखाली ओढून बघ, वरखाली अजिबात हलता कामा नये, बाजूला थोडा हलतो ते ठीक. वरखाली खेळत असेल तर मात्र इंजिनची केस उघडायची, क्रँक काढायचा, आणि ते काम पार्किंगमध्ये करू नको, माझ्याकडं घेऊन ये. बेअरिंग जावाचेच पाहिजेत म्हणून शोधत फिरू नको, अंगावर नंबर असतो, बेअरिंगच्या दुकानात मिळतात, फक्त क्रँकला सी३ क्लिअरन्सचे (आत थोडी जास्त मोकळीक असलेले) माग.

आणि बोअर कधी मारलास तर बॅरल आल्यावर पोर्टच्या कडांवरून बोट फिरव. धारदार लागल्या तर परत दे आणि कडा मोडून घे, नाहीतर नवी रिंग पोर्टमध्ये अडकून तुटते. चारचाकीची कामं करणाऱ्या लेथवाल्याला हे सांगावं लागतं, त्याच्या बॅरलला पोर्टच नसतात.

पॉइंट_कंडेन्सर:

करंट पिवळा म्हणालात त्यावर. पॉइंटचा गॅप फीलरने ०.४ मिमी करा, प्लगचा ०.६. नुसतं घासून भागत नाही, घासल्यावर पेट्रोलच्या कपड्याने पुसा, पॉलिशपेपरचा कण राहिला तरी करंट जात नाही. मग अर्थिंग. पेंट आणि गंजावर अर्थिंग लागत नाही, इंजिनपासून बॅटरीपर्यंत वेगळी जाड वायरच टाकून द्या. सहा व्होल्टमध्ये अर्धा व्होल्ट वायरीत गेला तरी फरक पडतो, बारा व्होल्टच्या गाडीवर शिकलेल्या माणसाच्या ते लक्षात येत नाही.

लोक लगेच सांगतील बारा व्होल्ट करा, सीडीआय (पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन) बसवा. नका करू, निदान आत्ता नको. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर बिघाड कुठला ते सापडणार नाही. डायनामो ४५ वॅटचा आहे, हेडलाइट लावून हळू चालवली की बॅटरीच खाते, हे या गाडीचं कायमचंच आहे, रात्री घाट करणार नसाल तर काही बिघडत नाही.

टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मॅन्युअलप्रमाणे मिलिमीटरमध्ये लावा, प्लगच्या भोकातून पिस्टन मोजून. फार चुकलं तर टू स्ट्रोक उलटी पण चालू होते. गंमत नाही करत, पहिला टाकला की गाडी मागं जाते.

व्ल्तावाकाठचा_पुणेकर:

प्रागमध्ये नोकरीला आहे, म्हणून या धाग्यावर आलो. फ्रांतिशेक यानेचेकने १९२९ मध्ये वांडररचं लायसन्स घेऊन इथंच कंपनी सुरू केली, जावा हे नाव त्या दोन नावांच्या पहिल्या अक्षरांतून. तुमचं मॉडेल म्हणजे इथला टाइप ३५३, इथं अजून गावोगावी चालू आहेत आणि त्यामुळे सील, गॅस्केट, रबरं, केबल, स्क्रूसुद्धा नवीन तयार होऊन मिळतात. म्हैसूरच्या गाडीला बरंचसं बसतं, पण सगळं नाही, तिकडे वर्षागणिक बारीक बदल होत गेले, म्हणून मागवण्याआधी जुना भाग व्हर्नियरने मोजून फोटो ताडून बघा. हलक्या वस्तूच मागवा, जड पार्सलला वाहतूक आणि कस्टम ड्यूटी मिळून वस्तूपेक्षा जास्त होते.

ऑनलाइन शोधताना एक त्रास, नुसतं जावा टाकलं की २०१८ ला परत आलेल्या नव्या जावाचे पार्ट समोर येतात. ती फोर स्ट्रोक, पाण्याने थंड होणारी, आपल्याशी काही संबंध नाही. टाइप ३५३ असंच टाका.

वाईकर_सध्या_पिंपरी:

प्लग पांढराफटक. उद्यमनगरवाले, तुम्ही न बघता कसं सांगता हो. रॉड वरखाली हलत नाही, सुटलो. सील नाना पेठेत मिळाली, जुनी मापाला घेऊन गेलो होतो, दुकानदाराने नंबर न विचारता नुसतं बघून दिली. पुलर करायला टाकलाय.

दोन शेवटचे प्रश्न. पेट्रोलमध्ये ऑइल किती घालू, प्रत्येक जण वेगळं सांगतो. काका म्हणतात पंपावर अंदाजाने ओतायचे. आणि हल्लीचं इथेनॉलवालं पेट्रोल चालेल का?

तेलकट_ताई_नाशिक:

आम्ही सुरुवातीला लिटरला ४० मिली घातलं, म्हणजे १:२५, नीट बसल्यावर ३० वर आणलं. हल्लीची टू-टी ऑइल पूर्वीपेक्षा चांगली आहेत, जास्त घालून फक्त सायलेन्सर चोंदतो. मापाचं झाकण गाडीतच ठेवा आणि पंपावर आधी ऑइल ओतून मग पेट्रोल घ्या, आपोआप ढवळलं जातं. टू-टीची बाटली टूलबॉक्समध्ये कायम.

इथेनॉल. आता बहुतेक ठिकाणी वीस टक्क्यांचंच येतं, टाळणं अवघड. ते पाणी धरतं, त्यामुळे गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामं करा, नाहीतर काढलेला गंज परत येईल. पेट्रोल कॉकचं रबर किंवा कॉर्क फुगतं, नळी पण हल्लीच्या पेट्रोलला चालणारी घ्या. आणि मिश्रण थोडं पातळ होतं, म्हणून कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं भोक) एक नंबर मोठा लावून प्लगचा रंग बघा, कॉफीसारखा तपकिरी आला की झालं. आमच्याकडे जेट बदलल्यावर चढावर गरम होणं बंद झालं.

उद्यमनगर_कोल्हापूर:

बरोबर सांगितलं ताईंनी. एकच भर, भोक पडलेल्या सायलेन्सरला वरून पट्टी मारू नको, आतली जाळी काढून कार्बन जाळून साफ कर आणि मग वेल्डिंग कर, तेल भरलेल्या पत्र्यावर वेल्डिंग धरत नाही. आणि पसरणीच्या घाटात पहिल्याच दिवशी नेऊ नको, आधी सपाटीला फिरव, मधे थांबून बॅरलला हात लावून बघत जा. उतारावर एक सवय लाव, रेस पूर्ण सोडून गाडी गिअरमध्ये लांबवर उतरवायची नाही, रेस बंद म्हणजे पेट्रोल बंद आणि पेट्रोल बंद म्हणजे तेल पण बंद. मधेमधे थोडी रेस देत उतर. काकांना विचार, त्यांना माहीत असणार.

मागच्या_सीटवरचा:

जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा येझदी दिवस असतो, पुण्यात पण जमतात सगळे. तोवर झाली तर घेऊन या. नाही झाली तरी काकांना घेऊन या.

आणि फोटो?? अजून एकही फोटो नाही या धाग्यावर.